शीआनला पहिल्यांदा जाताना: पाठीवर सॅक टाकून निघणाऱ्यांसाठी

चीनला टूर कंपनीशिवाय जायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न भाषेचा येतो. "तिथं इंग्रजी कुणाला येत नाही, बोलणार कसे?" हे बरंचसं खरं आहे, पण भाषेवाचून फारसं अडत नाही. भाषांतराचं अ‍ॅप, हातवारे आणि तिथल्या लोकांचा मदतीचा स्वभाव यांवर दिवस निभावतो. अडतं ते पैसे देताना, नेट बंद पडल्यावर आणि पासपोर्ट खोलीवर राहिल्यावर. या तिन्हींचा बंदोबस्त घरूनच करून निघावं लागतं. तेवढं केलंत तर एकट्यादुकट्याने हिंडायला शीआन सोपं आणि निर्धास्त शहर आहे.

चीनच्या पहिल्याच खेपेला बीजिंग-शांघायऐवजी शीआन निवडा, असं मी आग्रहाने सांगेन. हे जुनं चांगआन. हान, स्वी आणि तांग घराण्यांची राजधानी, रेशीम मार्गाचं पूर्वेकडचं टोक. मिंग काळातला तट अजून सलग उभा आहे, त्यामुळे जुनं शहर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते डोळ्यांना दिसतं. शिवाय दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला चिनी बौद्ध भिक्खू ह्युएनत्संग इथूनच निघाला आणि इथेच परतला. आपल्या माणसाने शीआनला जावं याला एवढं कारणही पुरेसं आहे.

१. कधी जायचं, किती दिवस ठेवायचे

एप्रिल-मे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि चिनी शाळांच्या सुट्ट्यांमुळे गर्दीही प्रचंड असते. डिसेंबर-जानेवारीत रात्री शून्याखाली जातात.

तीन आठवडे मात्र काटेकोरपणे टाळा: १ ते ७ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी, १ मेच्या आसपासची सुट्टी आणि चिनी नववर्ष. त्या दिवसांत गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत, वसतिगृहांचे दर दुप्पट-तिप्पट होतात आणि मातीच्या सैनिकांपुढे (चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेले टेराकोटाचे पुतळे) उभं राहायला जागा मिळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर फार छान, फक्त एक चांगलं जाकीट सोबत ठेवा.

शीआनला पूर्ण चार दिवस द्या. "दोन दिवसांत होतं" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. होतं ते फक्त फोटोपुरतं.

२. व्हिसा

भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा आधी काढावाच लागतो. बऱ्याच देशांच्या नागरिकांना चीनने २४० तासांचा व्हिसाविना थांबा दिला आहे आणि त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरत असतात. त्या यादीत भारत नाही. हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे, म्हणून आधी सांगितला.

भारतीयांसाठी पर्यटक व्हिसा जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू झाला. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागदपत्रं चिनी व्हिसा अर्ज केंद्रात द्यायची. मुंबईत असं केंद्र आहे. तुमचा जिल्हा किंवा राज्य कुठल्या केंद्राखाली येतं ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. साधारण ही कागदपत्रं लागतात:

- किमान सहा महिने मुदत आणि दोन कोरी पानं शिल्लक असलेला पासपोर्ट, त्याची झेरॉक्स. जुना पासपोर्ट असेल तर तोही
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३३ × ४८ मिलिमीटरचा फोटो (आपल्याकडचा नेहमीचा पासपोर्ट साइझ चालत नाही, स्टुडिओत माप सांगून काढा)
- ऑनलाइन भरलेल्या अर्जाची सही केलेली प्रत
- जाण्या-येण्याचं विमान आणि राहण्याचं आरक्षण
- दिवसवार कार्यक्रम आणि एक साधं विनंतीपत्र
- बँकेचं अलीकडचं विवरण, शक्यतो शिक्क्यासह
- नोकरी, व्यवसाय किंवा शिक्षणाचा पुरावा

जाण्याआधी केंद्राची ताजी यादी वाचा, कारण ती बदलत असते. विमान आणि वसतिगृहाची आरक्षणं मोफत रद्द करता येतील अशीच करा.

आपल्या मराठी नावांची एक खास अडचण सांगते. आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडून एकाच रकान्यात असतं. विमान, रेल्वे, संग्रहालय, सगळीकडे पासपोर्टात आहे तस्संच, त्याच क्रमाने नाव टाका. मधलं नाव कुठे घातलं आणि कुठे गाळलं की काउंटरवरचा माणूस गोंधळतो आणि मागे रांग तुंबते.

३. फोन: निघायच्या आठवडाभर आधी

चीनमध्ये गुगल, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब स्थानिक नेटवर चालत नाहीत. वसतिगृहाच्या वायफायवरही नाही. सोपा मार्ग म्हणजे भारतातून आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक घेऊन जाणं किंवा प्रवाशांसाठीचं ई-सिम घेणं. रोमिंगचा डेटा बाहेरच्या देशातून फिरून येतो, त्यामुळे या अ‍ॅप्सना सहसा अडचण येत नाही. तिथं उतरून स्थानिक सिम घेतलंत तर ही सगळी अ‍ॅप्स बंद.

भारतीय क्रमांक कोणत्याही परिस्थितीत चालू ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो आणि ओटीपीवाचून कार्ड चालत नाही. ई-सिमवर नेट आणि मूळ सिमवर फक्त संदेश, ही जोडी उत्तम.

फोनमध्ये घरूनच हे भरून घ्या:

- अलीपे, म्हणजे पैसे देण्याचं चिनी अ‍ॅप (पुढे सविस्तर)
- नकाशासाठी गाओदे, म्हणजे अमॅप. आयफोनवाल्यांना अ‍ॅपलचे नकाशेही पुरतात. गुगल नकाशा चालला तरी चीनमध्ये जागा थोडी सरकलेली दाखवतो, त्यावर विसंबू नका
- भाषांतराचं अ‍ॅप आणि त्यातला चिनी भाषेचा ऑफलाइन संच
- रेल्वेचं सरकारी १२३०६ अ‍ॅप
- वसतिगृहाचा पत्ता, पाहायची ठिकाणं आणि खाण्याच्या सूचना, सगळं चिनी अक्षरांत, चित्र म्हणून जपून ठेवलेलं

शेवटचा मुद्दा फार कामाचा आहे. टॅक्सीवाल्याला रोमन अक्षरांतला पत्ता दाखवून काही उपयोग होत नाही.

विचॅट या संदेशांच्या चिनी अ‍ॅपवर भारतात २०२० मध्ये बंदी आली. चीनमधली पुष्कळ आरक्षणं विचॅटवरून होतात, म्हणून लोक घाबरतात. अलीपेमधूनच मेट्रोचा कोड, दीदी टॅक्सी आणि इतर बरंच काही चालतं. जिथे विचॅटच लागतं तिथे वसतिगृहाच्या काउंटरवरच्या मुलांना विनंती करा, ती आनंदाने करून देतात.

४. पैसे

यूपीआय तिथं चालत नाही. दुकानात, मेट्रोत, रस्त्यावरच्या गाडीवर सगळीकडे क्यूआर कोड, पण तो अलीपे किंवा विचॅटचा.

अलीपेवर खातं भारतातच उघडा, पासपोर्टने ओळख पडताळून घ्या आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू करा. ही कळ बंद राहिल्यामुळे अडकलेले भारतीय प्रवासी मी तिथं पाहिले आहेत. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं जोडा; एक नाकारलं गेलं की दुसरं पुढे करता येतं. एका वेळी २०० युआनपर्यंतच्या खर्चावर अलीपे वेगळं शुल्क घेत नाही, त्यापुढे ३ टक्के लागतात. बँकेचं चलन-बदलाचं शुल्क त्याहून वेगळं.

रोख थोडी ठेवाच. हजार-दीड हजार युआन, त्यातही १०, २० आणि ५० च्या नोटा. युआन साधारण १२-१३ रुपयांच्या आसपास धरा, निघताना ताजा दर पाहा. रोख नाकारणं तिथल्या नियमांत बसत नाही, पण छोट्या गाडीवाल्याकडे शंभराची मोड नसते.

अंदाज यावा म्हणून: सामायिक खोलीतली खाट ५० ते ८० युआन, साधं जेवण १५ ते ३०, मेट्रोचं तिकीट २ ते ८. तट आणि मातीचे सैनिक यांची तिकिटं त्यामानाने महाग वाटतील. तिथं काटकसर करू नका.

५. राहायचं कुठे

तटाच्या आत, किंवा दक्षिण वेशीच्या म्हणजे योंगनिंगमेनच्या आसपास. मेट्रोची दोन नंबरची लाइन इथून जाते, घंटा मनोरा चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि रात्री उशिरापर्यंत रस्त्यांवर वर्दळ असते. शहराबाहेर स्वस्त खोली घेतलीत तर वाचलेले पैसे आणि त्याहून मोलाचा वेळ प्रवासातच जाईल.

आरक्षण करताना एकच प्रश्न संदेश पाठवून विचारा: परदेशी पासपोर्टवर नोंदणी करता का? चीनमध्ये परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे २४ तासांच्या आत नोंद व्हावी लागते. हॉटेल किंवा वसतिगृह ती स्वतः करतं, तुम्हाला काही करावं लागत नाही. पण अगदी लहान लॉजवाल्यांना ती पद्धत ठाऊक नसते आणि ते रात्री अकरा वाजता दारातून परत पाठवतात. ओळखीच्यांच्या घरी उतरणार असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन ही नोंद तुम्हीच करायची.

६. पोहोचायचं कसं

२०२५ च्या अखेरीपासून भारत आणि चीनमध्ये थेट विमानं पुन्हा उडू लागली आहेत, पण ती ग्वांगझौ, शांघायसारख्या शहरांत उतरतात. तिथून दुसरं विमान किंवा वेगवान रेल्वे. बीजिंगहून रेल्वेने साडेचार ते सहा तास, शांघायहून सहा-सात, छंगदूहून साडेतीन-चार. वेळ असेल तर रेल्वेच घ्या. तिकीट १२३०६ वर पंधरा दिवस आधी खुलं होतं. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. फाटकावरच्या यंत्राने पासपोर्ट वाचला नाही तर बाजूला माणूस असलेलं दार असतं, सरळ तिकडे जा. स्थानकात शिरताना सामानाची तपासणी होते, म्हणून तासभर आधी पोहोचा. गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधीच फाटक बंद होतं आणि मग कुणी दयामाया दाखवत नाही.

शीआनचा विमानतळ शहराबाहेर वायव्येला, श्येनयांगजवळ आहे. मेट्रोची १४ नंबरची लाइन विमानतळावरून शीआन उत्तर रेल्वे स्थानकाला येते, तिथे २ नंबरची पकडायची आणि झोंगलोउ (घंटा मनोरा) किंवा योंगनिंगमेनला उतरायचं. उत्तर स्थानकावर रेल्वेने आलात तरी पुढचा रस्ता हाच. मेट्रोत प्रत्येक वेळी सॅक यंत्रातून काढावी लागते, त्यामुळे खिशातला स्विस चाकू घरीच ठेवा.

रात्री उशिरा उतरलात आणि मेट्रो बंद झालेली असली तर आगमन कक्षात "टॅक्सी? टॅक्सी?" म्हणत येणाऱ्यांबरोबर जाऊ नका. अधिकृत रांगेतली मीटरची टॅक्सी घ्या किंवा अलीपेमधून दीदी बोलवा.

७. पहिला दिवस: तटाच्या आत, पायी

पहिल्या दिवशी कुठलंही लांबचं ठिकाण ठेवू नका. जुनं शहर पायाखालून जाऊ द्या.

घंटा मनोऱ्यापासून सुरुवात करा. १३८४ मध्ये बांधलेला हा मनोरा शहर वाढलं तसा १५८२ मध्ये उचलून आजच्या चौकात आणला गेला. इथून चार रस्ते चार वेशींना जातात, त्यामुळे दिशांचा हिशोब एकदा इथे लावला की चुकायला होत नाही. रस्ता ओलांडायला खालचा भुयारी मार्ग वापरा.

पश्चिमेला थोड्याच अंतरावर नगाऱ्याचा मनोरा (१३८०), आणि त्याच्या कमानीतून पलीकडे गेलात की ह्वेई मुसलमानांची वस्ती लागते. मुख्य रस्ता पर्यटकांचा आहे, गोंगाट आणि धूर भरपूर. तो एकदा पाहा आणि लगेच आडव्या गल्ल्यांत शिरा. खरी वस्ती तिथे आहे: घराच्या दारात रोट्या भाजणारे, अक्रोड फोडत बसलेल्या बायका, शाळेतून परतणारी पोरं. खाण्याच्या किमतीही निम्म्या होतात.

या गल्ल्यांतच मोठी मशीद आहे आणि ती चुकवू नका. परंपरेनुसार तिची स्थापना तांग काळात, ७४२ मध्ये झाली; आजच्या इमारती मिंग काळापासूनच्या. घुमट नाही, उंच मीनार नाही. लाकडी खांब, निळसर कौलं, एकामागून एक पाच अंगणं. चिनी मंदिरांचा आस सहसा उत्तर-दक्षिण असतो, ही मशीद मात्र मक्केकडे तोंड करून पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. मधला अष्टकोनी मंडप मीनाराचं काम करतो. प्रार्थनागृहात मुसलमानेतरांना जाता येत नाही, बाहेरच थांबा आणि नमाजाच्या वेळी फोटो काढू नका. तिथल्या अंगणांत तासभर बसायची मुभा स्वतःला द्या. बाहेर शंभर पावलांवर एवढी गर्दी आहे यावर विश्वास बसत नाही.

तट दुपारी चारनंतर. घेर १३.७ किलोमीटर, उंची १२ मीटर आणि वरची वाट १२ ते १४ मीटर रुंद, म्हणजे वरून सायकली आरामात जातात. वेशींवर सायकली भाड्याने मिळतात, अनामत रक्कम ठेवावी लागते आणि दोन-तीन तासांची मुदत असते. पूर्ण फेरी त्यात सहज होते. वाट मिंग पद्धतीच्या विटांची आहे, खडबडीत आहे, मनगटं दुखतात; सॅक खोलीवर ठेवूनच या. पावसात सायकली देत नाहीत. दक्षिण वेशीवर तिकिटाची रांग मोठी असेल तर थोडं पूर्वेला वेनछांगमेनवरून चढता येतं.

त्याच वेशीच्या आत शिलालेखांचं संग्रहालय आहे, बेईलिन. १०८७ पासून इथे कोरीव शिळा गोळा होत आल्या आहेत. चिनी अक्षर ओळखू येत नसलं तरी जा. ८३७ साली पूर्ण झालेले कन्फ्यूशियस परंपरेचे ग्रंथ दगडात उतरवलेले आहेत, अख्खं ग्रंथालयच. आणि ७८१ ची एक शिळा पाहा: पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाची माहिती चिनीत कोरलेली आणि खाली, कडांना सीरियाक लिपीतली नावं. तांग काळात या शहरात कोण कोण राहत होतं याचा तो धडधडीत पुरावा आहे.

एक सापळा. बाहेरच्या शुयुआनमेन या शाई-कुंचल्यांच्या रस्त्यावर किंवा घंटा मनोऱ्यापाशी छान इंग्रजी बोलणारं कुणी "चित्रप्रदर्शन बघायला चला" किंवा "चहा घेऊ" म्हणून आग्रह करेल. हसून नाही म्हणा. आत गेल्यावर येणारं बिल तुमच्या आठवड्याच्या खर्चाएवढं असतं.

८. मातीचे सैनिक

हे ठिकाण शहरात नाही, ईशान्येला लिन्तोंगमध्ये आहे. मेट्रो १ ने फांगझीछंग, तिथून ९ नंबरची लाइन पकडून ह्वाछिंग छी, आणि स्थानकाबाहेरून सार्वजनिक बस. दीड-दोन तास लागतात. शीआन जुन्या स्थानकासमोरून थेट बसही जातात, पण तिथेच त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या खाजगी गाड्या उभ्या असतात. त्या वाटेत जेडच्या दुकानांत आणि नकली "संग्रहालयां"त फिरवून दुपारी उशिरा पोहोचवतात. स्वतःहून येऊन तुम्हाला बस दाखवणाऱ्या माणसाची बस घेऊ नका, एवढा नियम पुरेसा आहे.

तिकीट १२० युआन, पासपोर्टच्या क्रमांकावर आधी ऑनलाइन काढायचं. दिवसाची संख्या मर्यादित असते. साडेआठला दार उघडतं तेव्हा हजर राहा.

१९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना हे सैनिक सापडले. ती विहीर जिथे होती ती जागा उत्खननाच्या तीन खड्ड्यांपैकी पहिल्या खड्ड्यात पाटी लावून दाखवली आहे. बरेच मार्गदर्शक तिसरा खड्डा, दुसरा, मग पहिला असा क्रम सांगतात. माझं मत उलट आहे: दार उघडताच थेट पहिल्या खड्ड्यात जा. सहलींच्या गाड्या यायच्या आधी कठड्याशी निवांत उभं राहता येतं. २३० मीटर लांबीचा तो एकच दालन-खड्डा, रांगांमागून रांगा. सैनिक खाली असतात, चेहरे लांब पडतात, म्हणून छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या. बहुतेक लोक समोरून फोटो काढून वळतात. तुम्ही शेवटपर्यंत चालत जा. मागच्या बाजूला तुकडे जुळवायचं काम चालतं: अर्धवट जोडलेली धडं, पट्ट्यांनी बांधलेले हात, क्रमांक टाकलेल्या चिठ्ठ्या. एकेक सैनिक किती तुकड्यांतून उभा राहतो ते इथे कळतं.

दुसऱ्या खड्ड्यात काचेच्या पेटीत गुडघ्यावर बसलेला धनुर्धारी आहे. त्याच्या मागे जाऊन वाका आणि उचललेल्या पायाचा तळवा बघा. जोड्याच्या तळाला टाके घातलेले आहेत, टाचेशी आणि चवड्याशी दाट, मध्ये विरळ, जिथे झीज जास्त तिथे शिवण जास्त. जमिनीखाली पुरायच्या पुतळ्याच्या तळव्यावर कुणी तरी एवढं लक्ष दिलं होतं, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात.

त्याच तिकिटात लीशान उद्यान येतं, मोफत गाडी नेते. छिन शी हुआंग या चीनच्या पहिल्या सम्राटाची मूळ समाधी तिथे मातीच्या टेकडीखाली आहे आणि अजून उघडलेली नाही. ब्राँझचे रथही आता तिथल्याच संग्रहालयात आहेत, खऱ्याच्या निम्म्या मापाचे, चार-चार घोड्यांचे. पुष्कळ जण ते न बघताच परत जातात. बाहेर पडताना दुकानांची लांबलचक गल्ली लागते, सरळ चालत राहा.

९. ह्युएनत्संगाच्या मागावर

हा दिवस आपला. ६४५ मध्ये ह्युएनत्संग ६५७ ग्रंथ घेऊन भारतातून चांगआनला परतला. ते ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२ मध्ये दात्सिएन मंदिरात पॅगोडा बांधला, दायानता. आज तो सात मजली, सुमारे ६४ मीटर उंच आहे. मेट्रो ३ किंवा ४ ने दायानता स्थानक. मंदिराचं तिकीट वेगळं, वर चढायचं वेगळं. वर जायचा कंटाळा आला तरी चालेल, पण दक्षिण दारातल्या दोन शिळा पाहिल्याशिवाय निघू नका. तांग सम्राट ताइझोंग आणि त्याचा मुलगा यांनी ह्युएनत्संगाच्या भाषांतरांसाठी लिहिलेल्या प्रस्तावना त्यांवर कोरल्या आहेत. एक उजवीकडून डावीकडे वाचायची, दुसरी डावीकडून उजवीकडे, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजू एकमेकींसमोर याव्यात.

ह्युएनत्संगाच्या प्रवासवृत्तांतात महाराष्ट्रातले लोक उपकाराची जाण ठेवणारे आणि वैर न विसरणारे म्हणून येतात, हर्षाला दाद न देणारा पुलकेशी येतो, आणि डोंगरात कोरलेला, दाराशी दगडी हत्ती असलेला एक विहारही येतो. अभ्यासक तो अजिंठा मानतात. हे निघायच्या आधी वाचून जा. दायानतासमोरच्या चौकातल्या ह्युएनत्संगाच्या पुतळ्यासमोर उभं राहताना फरक पडतो.

अर्धा दिवस हाताशी असेल तर शहराच्या आग्नेयेला शिंगज्याओ मंदिरात जा. तिथे त्याच्या अस्थींवरचा पाच मजली पॅगोडा आहे, दोन शिष्यांचे छोटे पॅगोडे शेजारी. २०१४ मध्ये रेशीम मार्गाच्या जागतिक वारशात या जागेचा समावेश झाला, तरी पर्यटक तुरळकच येतात. बसने वेळ लागतो. चौघे असाल तर दीदी परवडते.

शान्शी इतिहास संग्रहालय दायानताच्याच भागात, पण सोमवारी बंद, आणि मोफत तिकिटं खुली होताच संपतात. त्यासाठी वसतिगृहात पोहोचल्या दिवशीच मदत मागा. नाही मिळालं तर शहरातल्या श्याओयानता या छोट्या पॅगोड्याच्या आवारातलं शीआन संग्रहालय बघा.

१०. खाणं

मांसाहारी माणसाची इथे चंगळ आहे. मुसलमान वस्तीत पाओमो खा: जाड रोटी देतात, ती आपणच बारीक चुरायची, मग आचारी तो चुरा गरम रश्शात शिजवून देतो. भाकरी रश्शात कुस्करून खाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. फक्त तुकडे फार बारीक करावे लागतात. मोठे ठेवलेत तर शेजारचे आजोबा तुमच्या वाडग्याकडे बघून मान हलवतील. गोमांस वर्ज्य असेल तर लक्षात ठेवा: "न्यूरोउ" म्हणजे गोमांस, "यांगरोउ" म्हणजे बोकडा-मेंढ्याचं, "झूरोउ" म्हणजे डुकराचं. मुसलमान वस्तीत डुक्कर नसतं, पण गोमांस सर्रास असतं. बाहेरच्या रोउजियामोत (रोटीत मांस भरून देतात तो प्रकार) सहसा डुकराचं मांस असतं.

शाकाहारी लोकांनी उपाशी राहायची भीती बाळगू नये. त्साईजियामो हा रोटीत भाज्या, बटाटा, मिरची भरून देणारा प्रकार कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतो. ल्यांगपी, म्हणजे थंड, आंबट-तिखट पट्ट्या, बहुधा बिनमांसाच्या. बियांगबियांग या रुंद शेवया भाज्या आणि मिरचीच्या तेलावर मागता येतात. गोडात खजूर-तांदळाचा झंगगाओ सकाळी खा. मात्र "मी शाकाहारी" एवढं सांगून भागत नाही, कारण मांसाचा रस्सा, चरबी आणि ऑयस्टरचं सॉस त्यांच्या हिशेबात मांस नसतं. फोनमध्ये चिनी अक्षरांत पूर्ण वाक्य ठेवा: मांस, मासे, मांसाचा रस्सा, प्राण्यांची चरबी, काही नको, अंडं चालतं किंवा चालत नाही. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी भोजनालयं शोधावीत. त्या स्वयंपाकात दोन्ही वर्ज्य असतात.

नळाचं पाणी पिऊ नका. गरम पाणी सगळीकडे फुकट मिळतं, म्हणून थर्मास हवाच. सॅकमध्ये टिश्यू पेपर आणि छोटी पाण्याची बाटलीही असू द्या, सार्वजनिक शौचालयांत दोन्ही नसतात. आपला मोठा तीन पिनांचा प्लग तिथं बसत नाही, अ‍ॅडॉप्टर न्या.

११. निघताना

गाडीच्या तिकिटावरचं स्थानक दोनदा वाचा. "शीआन" हे तटाच्या उत्तरेला लागून असलेलं जुनं स्थानक, "शीआन उत्तर" हे दूरचं, वेगवान गाड्यांचं. एकाऐवजी दुसरीकडे गेलात तर गाडी चुकलीच समजा.

चीनमधल्या चीनमध्ये विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक तपासा. जून २०२५ पासून तिथल्या देशांतर्गत विमानांत "थ्री-सी" (CCC) हे चिनी सुरक्षा प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही आणि भारतात घेतलेल्या बऱ्याच पॉवर बँकांवर ते चिन्ह नसतं. सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात. रेल्वेने जाणार असाल तर ही कटकट नाही. गाडीत खुर्चीपाशी प्लग असतो आणि डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा नळ.